शाखा म्हशाला गेली आहे

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज दादासाहेब स्वतः घरी आले. शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष एका निवृत्त मराठी शिक्षकाच्या ओट्यावर बसून बशीतून चहा पिताहेत, हे सगळ्या आळीने पाहिलं. पाहावं असंच होतं. त्यांनी मला शाल पांघरली. निवृत्तीच्या दिवशी मिळाली होती तिच्यापेक्षा ही जाड आहे.

काम असं: आपल्या कॉलेजच्या व्यवसाय विभागात वायरिंग आणि विजेच्या मोटारींचं काम शिकणारी मुलं आहेत. त्यांची एक संघटना असते, कौशल्य विद्यार्थी संघ. प्रत्येक कॉलेजात तिची शाखा, आणि प्रत्येक शाखेला एक मार्गदर्शक शिक्षक. आमच्या शाखेचे मार्गदर्शक म्हणजे तिथले तासिकेवरचे निदेशक. ते दिवाळीआधी कल्याणला नोकरी लागून निघून गेले. "गुरुजी, तांत्रिक माणसं पुष्कळ मिळतील," दादासाहेब म्हणाले, "मला कवीमनाचा माणूस हवाय."

निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत मला कवीमनाचा कोणी म्हटलं नव्हतं.

जाता जाता ते म्हणाले, "साईनाथच्या मान्यतेचंही बघतोय मी. काळजी करू नका." आमचा साईनाथ त्यांच्याच शाळेत सात वर्षं विज्ञान शिकवतो. सरकारी मान्यता नसल्यामुळे पगार निम्मा, आणि पगार निम्मा म्हणून स्थळं येत नाहीत. पण शिक्षकाचा मुलगा शिक्षक झाला. दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली त्याचं नाव मीच रंगवलं आहे.

ते गेल्यावर चंदा कपबशा उचलत म्हणाली, "मोटारीच्या पोरांना तुमी काय शिकवनार? घरातला फ्यूज गेला तर तुमी शेजारी जाता."

मी म्हटलं, "माणूस घडवायचा असतो गं, मोटार नव्हे."

"मग दादासाहेब मोटारीचा मानूस सोडून तुमच्याकडं कशाला आले?" असं काहीतरी ती आत जाता जाता म्हणाली. नीट ऐकू आलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत वार्निशचा वास, भिंतीला तारांची वेटोळी, बाकावर पोट फाडून ठेवलेल्या मोटारी. दादासाहेब म्हणाले होते की ही जागा खरं तर सभागृहाला छान आहे, लग्नकार्यालाही देता येईल. डोळ्यांसमोर आलं, तिथे काव्यवाचन कसं रंगेल.

मुलं चौदा-पंधरा असावीत. अध्यक्ष भूमिका, धसईच्या वरच्या वाडीची. काटक मुलगी, बोलते ते तोडून टाकल्यासारखं. तिच्या शेजारी प्रणित, शेतकऱ्याचा मुलगा, तोंड अखंड चालू. रोशन मोटारीमागे लपून बसला होता, तो शेवटपर्यंत तिथेच राहिला.

मी संघासाठी शपथगीत लिहून नेलं होतं. भुजंगप्रयातात. तानसाच्या शाळेत आमचे गुरुजी हातातल्या छडीने टेबलावर ताल धरून याच वृत्तातल्या कविता म्हणून घेत. त्याच चालीत मी म्हटलं:

फिरे चाक तैसे फिरो हात माझे
तुटो तार तेथे जुळो प्राण माझे

शेड शांत झाली. मला वाटलं, पोचलं.

मग प्रणितने हात वर केला. "सर, तार तुटली का पयला मेन बंद करायचा. प्राण जुळवाया गेलं तर प्राणच जायचा."

हशा झाला. मीही हसलो, पण थोडं लागलं.

शेवटी विचारलं, "तुम्हाला माझ्याकडून काय हवं?"

भूमिका म्हणाली, "सर, फेब्रुवारीत जिल्ह्याचा मेळावा हाय. मोटार भरायची स्पर्धा. जी पोरगी पयली येईल तिला ठाण्याच्या कारखान्यात शिकाऊ घेतात. पन शाखा चालू असली तरच नाव जातं. तुमी शाखा चालू ठेवा. बाकीचं आमी करू."

मोटार भरणे म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळून बसवणे. हे मला आज कळलं.

"आणि तुला जायचंय ठाण्याला?"

"माझी आई भाजी घेऊन धसईच्या बाजारात बसते," ती म्हणाली. "जाम चांगली बसते. पन मला बसायचं नाय."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

शेडमध्ये मला खुर्ची दिली आहे. मी बसतो, मुलं काम करतात. काही विचारलं तर "नाय सर, तुमी बसा." मी आपला तानसा आठवतो. वडील धरणावर कामाला होते. शाळा चाळीच्या टोकाला, खिडकीतून पाणी दिसे, आणि कविता म्हणताना आवाज पाण्यावरून जाऊन समोरच्या डोंगराला लागून परत येई. एवढं मोठं पाणी, पण आमचं नव्हतं. नळातून मुंबईला जायचं. आम्हाला फक्त बघायला.

साईनाथ हल्ली संध्याकाळी उशिरा येतो. आज जेवताना त्याची बोटं पाहिली, टोकं पिवळट-तपकिरी. म्हटलं, "शिक्षकाची बोटं खडूने पांढरी असावीत." चंदाने मला उगाच आणखी भात वाढला.

३ डिसेंबर, मंगळवार

दादासाहेबांनी ऑफिसात बोलावलं. जानेवारीत संघाची तपासणी आहे. ठाण्याहून अधिकारी येणार. त्या दिवशी शाखेचं काम चालू दिसलं तर शाखा राहणार, नाहीतर बंद. "तारीख तुम्हीच सांगा, गुरुजी. तुमच्या सोयीने."

किती हा मान! भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. चौदाला संक्रांत. लगेच सुचलं, म्हटलं, "तेरा जानेवारी, सोमवार. संक्रांतीच्या आदल्या दिवशी. अधिकाऱ्यांना मुलांच्या हस्ते तिळगूळ देऊ, शपथगीत म्हणू."

दादासाहेबांनीही कॅलेंडरकडे पाहिलं. मग मोठ्याने हसले. "वा! गुरुजी, वा! बघा बरं, तारीख तुम्ही सांगितलीत हां." माझ्यासमोरच ठाण्याला फोन लावून कळवलं. चहाबरोबर काजूकतलीही आली.

४ डिसेंबर, बुधवार

सकाळी चंदाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"तेरा? अवो, पौषातली पुनव हाय ती."

"मग?"

"मग काय मग! म्हशाची जत्रा!"

संक्रांत दिसली, तिळगूळ दिसला. पुनव दिसलीच नाही. पन्नास वर्षं या तालुक्यात राहून. म्हसा गावच्या जत्रेच्या पहिल्या दिवशी इकडे कॉलेज उघडलेलं कोणी पाहिलेलं नाही. शिपाईसुद्धा बैल बघायला जातो. घरोघरी पाहुणे, गोठे रिकामे, घोंगड्यांचे ढीग, आणि व्यवसाय विभागाची मुलं तर तिथे दरवर्षी दुकानांच्या ओळींना तात्पुरती लाइट जोडून देतात. ते त्यांचं ठरलेलं काम. चौदा-पंधरांतलं एकही शेडमध्ये नसणार.

चंदा म्हणाली, "आता कळलं शाल कशाला ते? मार्गदर्शक नेमला नाय तर शाखा संस्थेनं बुडवली असं होतं. नेमला आनि शाखा बुडाली तर गुरुजींनी बुडवली. मग शेड मोकळी. हॉल बांधा, लग्नं लावा."

"दादासाहेब तसे नाहीत."

"नाय ना? मग जा, तारीख बदलून आना."

संध्याकाळ. तारीख बदलत नाही. दादासाहेब फार हळहळले. म्हणाले, अधिकाऱ्यांना एकदा कळवलं की कळवलं. आणि मग, खिडकीबाहेर बघत, "पंधरा जानेवारीला मान्यतेचे प्रस्ताव वर पाठवतोय. साईनाथचं नाव पहिलं ठेवलंय."

मी आभार मानून आलो. पायऱ्या उतरताना कळलं की मी कशाचे आभार मानले.

६ डिसेंबर, शुक्रवार

मुलांना सांगावंच लागलं. भूमिका हातातली तार गुंडाळत राहिली, घट्ट, घट्ट. प्रणितने तोंड उघडलं.

"सर, त्या दिवशी आमच्याकडं माणूस मेला तरी खांद्याला माणूस मिळत नाय. सगळी म्हशाला!"

"एका दिवसासाठी तुम्ही नाही गेलात तर?"

आता भूमिकाने मान वर केली. "जत्रेत रसवंती लावतो त्या माझ्या मामानं वर्षभर आधी सांगितलंय. दुकानांच्या सगळ्या ओळीनं सांगितलंय. आमी नाय गेलो तर ती लोकं उघड्या तारा जोडतील. गेल्या टायमाला एकाचा हात जळला. आमी शब्द दिलाय सर. तुमी तारीख दिली, आमी शब्द दिलाय."

एवढं बोलून ती परत तारेकडे वळली. यापेक्षा तिने ओरडायला हवं होतं.

१७ डिसेंबर, मंगळवार

राजीनामा लिहिला. सुरेख लिहिला, "मावळतीच्या" वगैरे शब्द आले. मग संघाचे नियम काढून वाचले: वर्षाच्या मध्ये मार्गदर्शक गेला तर शाखा आपोआप बंद. म्हणजे राहिलो तर मी बुडवली, गेलो तर मी बुडवली. फाडून टाकला.

तानसाच्या बंधाऱ्याच्या दाराला लोखंडी जाळी होती. वडिलांबरोबर जायचो तेव्हा मी एखादं अडकलेलं पान बघत बसे. मागून पाणी ढकलतं, पुढे जाळी. पान फाटत नाही, सुटत नाही, नुसतं थरथरतं. तेव्हा मला ते फार सुंदर वाटे. त्यावर कविता केली होती.

२ जानेवारी, गुरुवार

स्वयंपाकघरात मायलेकांचं बोलणं चालू होतं. साईनाथचा आवाज: "बाबांना नको सांगू." मी आत गेलो तर दोघं गप्प. बिचारा. मान्यतेची धास्ती त्याने आईजवळ काढली असणार. मला त्रास होऊ नये म्हणून लपवतो.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "पंधरा तारखेनंतर सगळं ठीक होईल. सात वर्षं थांबलास, आता दोन आठवडे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला तो सहावीतला वाटला, कविता पाठ न करता वर्गात उभा राहिलेला.

९ जानेवारी, गुरुवार

दादासाहेबांचा निरोप नव्हे, स्वतः दादासाहेब. गाडीतच बसवलं, काच वर केली.

"गुरुजी, तेराला थंडी फार असेल. तुमचं वय. घरी आराम करा. तब्येत बरी नव्हती म्हणून कळवू आपण."

"आणि अधिकारी?"

"येतील, कुलूप बघतील, जातील. तुमच्यावर कोणी ठपका ठेवणार नाही, मी आहे ना. पंधराला प्रस्ताव जातोय." माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "मुलाचं लग्न बघायचंय ना आपल्याला?"

मी हो म्हटलं. लिहून ठेवतो, मी हो म्हटलं.

१२ जानेवारी, रविवार

दिवसभर रस्त्यावरून बैल चालले आहेत. रंगवलेली शिंगं, घुंगरं. टेम्पोतून पाळण्याचे लोखंडी हात गेले. लहानपणी तानसाहून आम्ही बैलगाडीने म्हशाला यायचो, दोन दिवस लागत.

चंदाने विचारलं, "उद्या जानार?"

"बरं वाटत नाही."

"कुठं दुखतंय?"

मी पांघरूण ओढून घेतलं.

साईनाथ सगळं ऐकत होता. म्हणाला, "बाबा, खरंच जाणार नाही?"

"तुझ्यासाठीच नाही जात, बाळा."

"माझ्यासाठी?" तो हसला. हे हसणं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. "बाबा, मी आजवर तुमच्यासाठी..." तिथेच थांबला. "जाऊ दे. मी पहाटे जातोय जत्रेला. मित्राकडं काम हाय."

मित्र कोण ते सांगितलं नाही. फोनवर भूमिकेचा निरोप पडला होता: "सर तुमी नसला तरी चालल. साहेबाला फक्त सांगा आमी कुठं हाय."

१३ जानेवारी, सोमवार

सगळं क्रमाने लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी अंथरुणात पडून राहिलो. पण मनात आलं, आजारी आहे हे निदान तोंडाने सांगायला हवं. ठाण्याहून माणूस येणार, कुलूप बघणार, आणि सांगायला कोणी नाही, हे बरं नव्हे. चंदाने न विचारता मफलर आणून दिला आणि खिशात तिळगुळाची पुडी घातली. मी शालही घेतली. रिक्षा मिळेना, सगळ्या म्हशाच्या. शेवटी चालत गेलो.

शेडच्या दाराला कुलूप. अधिकारी बाई गाडीतून उतरल्या. अंजू मॅडम, चष्मा, हातात फाइल, बरोबर एक तरुण कारकून.

"मार्गदर्शक आपण?"

"हो. मी आजारी आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. शाखा कुठंय?"

मला म्हणायचं होतं की क्षमस्व. शब्द ओठांवर तयार होता. पण निघालं ते असं, आणि वर्गात हजेरी घेताना बोलतो तसं मोठ्याने निघालं:

"शाखा म्हशाला गेली आहे."

कारकून हसला. मॅडम हसल्या नाहीत. "काय करायला?"

"काम करायला."

"दाखवाल?"

आणि मी आजारी माणूस त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

म्हशाचा रस्ता गाड्यांनी तुंबलेला. बैलांच्या पाठींमधून गाडी मुंगीसारखी सरकली. शेवटी उतरून चाललो. धूळ, घोंगड्या, भोंगे, गरम भजी. मी वाट काढत होतो आणि एकेका दुकानात बघत होतो, पण पोरं कुठे दिसेनात. मॅडमनी घड्याळ पाहिलं. दादासाहेबांचा हात गुडघ्यावर जाणवला.

तेवढ्यात कुठूनशी हाळी आली. चार-पाच गळे एकदम, लांबलचक ओढून, माझ्या चालीत. माझ्या गुरुजींच्या चालीत!

"तुटेऽ ताऽर जेथेऽ..."

आणि ओळीच्या पार दुसऱ्या टोकाकडून उत्तर, "कराऽ मेऽन बंद!"

फटकन सगळ्या ओळीचे दिवे गेले.

मी गर्दीतून घुसलो. बांबूच्या शिडीवर भूमिका, दातात टेपचं भेंडोळं. खाली प्रणित तार धरून. टोकाला मेनच्या फळीजवळ रोशन, हात खटक्यावर, डोळे तिच्याकडे. तिने जोड घट्ट केला, टेप गुंडाळली, खाली उतरली, हात वर केला. तेव्हाच रोशनने मेन चालू केला. दिवे आले. दुकानदारांना सवय झाली होती, कोणी मान वळवली नाही.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

प्रणितने मला पाहिलं आणि जीभ चावली. "सर, राग नका मानू. तुमचं गानं जरा दुरुस्त केलं. जत्रेत भोंगे किती, नुसतं 'बंद कर' वरडलं तर कुनाला कळत नाय. दुकानदार पन वरडतात. पन ही चाल कुनीच गात नाय. म्हनून रोशन फक्त चालीवर मेन पाडतो."

"आणि चालीशिवाय?"

"चालीशिवाय देव आला तरी पाडायचा नाय. आनि चाल झाल्याशिवाय आमी तारेला हात लावायचा नाय. भूमिकाचा रूल."

मॅडमनी कारकुनाला म्हटलं, "हे लिहा." मग त्यांनी स्वतः ती हाळी पुन्हा म्हणायला लावली. दिवे गेले, आले. शेजारचा बांगडीवाला मात्र आता वैतागला. "बाई, गिऱ्हाईक बघतंय ना!"

पुढे भूमिकेच्या मामाची रसवंती. कमळू मामा कपाळाला हात लावून बसलेला. रात्रीच मोटार जळली होती. ताडपत्रीवर उघडी मोटार, आणि तिच्याभोवती तीन मुलं बसलेली. चौथा पाठमोरा होता, खाली मान घालून तारेची वेटोळी एकेक करून खाचेत बसवत होता, आणि मुलांना सांगत होता, "जोर नको. तारेला वाटलं पायजे की तिची तीच गेली."

तो आवाज मी ओळखला. वर्गाबाहेरून कधी ऐकला होता तो थकलेला, वाचून दाखवल्यासारखा. हा तो नव्हता. पण आवाज त्याचाच.

साईनाथने वळून पाहिलं. बोटं वार्निशने पिवळी. उठून उभा राहिला.

"हे कोण?" मॅडम.

मी तोंड उघडलं, पण भूमिका माझ्याआधी बोलली. "हे आमचे मोटारीचे सर. निदेशक गेल्यापासून रोज संध्याकाळी शिकवतात. आनि हे," माझ्याकडे बोट, "आमचे शपथेचे सर."

प्रणित हळूच म्हणाला, "एक बाप, एक ल्योक. आमाला दोन्ही लागतात."

मॅडम ताडपत्रीवर बसल्या. तासभर बसल्या. भूमिकेला मोटार पुढे भरायला लावली, प्रश्न विचारले, हात बघितले. मी तिळगूळ वाटला. कमळू मामाने मोटार सुरू होईपर्यंत सगळ्यांना चहा पाजला. ती सुरू झाली तेव्हा पहिला ग्लास मॅडमना दिला. त्या म्हणाल्या, "शाखा चालू आहे. मुलीचं नाव मेळाव्याला पाठवा."

भूमिका रसाचा ग्लास धरून पाळण्याकडे बघत राहिली, आणि तिचे खांदे, जे मी दोन महिने ताठच पाहिले होते, खाली आले.

साईनाथ आणि मी एका टेम्पोतून परत आलो. वाटेत त्याने विचारलं, "बाबा, चिडलात?"

मी म्हटलं, "दादासाहेब चिडतील."

तो म्हणाला, "हं."

१६ जानेवारी, गुरुवार

प्रस्ताव गेला. साईनाथचं नाव नव्हतं. त्याला पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं आहे. दादासाहेब रस्त्यात भेटले तर आता आकाशाकडे बघतात.

माझी मात्र सुटका नाही. संघाकडून कळवलं आहे की ज्या मार्गदर्शकाने शाखा टिकवली त्यानेच ही तुकडी बाहेर पडेपर्यंत राहावं. म्हणजे त्या शेडमधली खुर्ची, वार्निशचा वास आणि प्रणित. आणि घरी मुलगा, ज्याची सात वर्षं मी एका वाक्यात घालवली.

त्याचं दुःख बघवत नाही. दुःख लपवण्यासाठी किती प्रयत्न करतो! संध्याकाळी गुळाच्या पोळ्या खाल्ल्या, परत मागितल्या. अंघोळीला शिट्टी वाजवतो. आईला उचलून गरकन फिरवलं. ती ओरडली, "सोड रे मेल्या!" मी दुसऱ्या खोलीत डोळे पुसले.

१८ जानेवारी, शनिवार

दारावरची पाटी. बघतो तर साईनाथ स्टुलावर उभा, हातात ब्रश, माझ्या नावाखालच्या आपल्या नावापुढचं "शिक्षक" पुसतोय. काळजात चर्र झालं. मी म्हटलं, "राहू दे रे, एवढी घाई कशाला?"

"बाबा," तो म्हणाला, "धसईच्या नाक्यावर एक गाळा बघितलाय. मोटार भरायला. मेळावा झाल्यावर पोरं पण हात लावायला येतील. पाटीवर काय लिहू?"

मला काही सुचेना. आयुष्यभर शब्द सुचवणारा मी! म्हटलं, "विचार करून सांगतो."

शपथगीत मात्र दुरुस्त करून टाकलं. आता असं:

फिरे चाक तैसे फिरो हात माझे
तुटे तार जेथे, करा मेन बंद

यमक गेलं. वृत्त राहिलं. कोणाचा हात जळणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

उन्हं ओट्यावर आली तरी साईनाथ उठला नाही. असं कधी होत नाही. तो पहाटेच उठून छताकडे बघत पडलेला असतो, हे मला माहीत आहे. दुःखाने थकला असेल. उठवावं म्हणून मी दार लोटलं, तर चंदाने मागून मनगट धरलं.

"हळू. सात वर्षांनी झोपलाय."

"सात वर्षांनी कसा? सात वर्षं तर त्याला नोकरी..."

वाक्य पुरं झालं नाही. चंदा माझ्याकडे बघत होती, तांदूळ निवडताना खडा सापडल्यावर बघते तशी, शांतपणे, मला तो दिसण्याची वाट बघत.

मी आत गेलो. थंडी होती. त्याचे पाय उघडे पडले होते. दादासाहेबांची शाल काढून त्याच्या पायांवर टाकली. जाड आहे, कामाला आली. खिडकी लोटली, म्हणजे डोळ्यांवर ऊन येणार नाही.

तो घोरत होता. कुठल्याच वृत्तात बसत नव्हतं. मी तिथेच खुर्ची ओढून ऐकत बसलो.